जिप्समच्या वाफ्यातला जबडा

मिठागरावर चवकाकांच्या जिभेला जेवढा मान होता तेवढा मालकाच्या गाडीलाही नव्हता. गाडी आली की माणसं नुसती बाजूला व्हायची. चवकाका वाफ्याच्या बांधावर आले की माणसं बोलायचीच थांबायची. काका खाली वाकायचे, ओंजळीत खारं पाणी घ्यायचे, मग सगळ्यांकडे पाठ करून, मान खाली घालून बराच वेळ काहीतरी करायचे. काय करायचे ते कुणालाच दिसायचं नाही. मग वळून म्हणायचे, "फळी उघडा, पाणी पुढच्या वाफ्यात सोडा." नाहीतर म्हणायचे, "अजून उन्हात राहू द्या." झालं, विषय संपला. त्यावर कुणाची हूं का चूं करायची टाप नव्हती.

पाठ का करायची, असं विचारलं तर काका गंभीरपणे सांगायचे, "वारा लागला की चव पळते." ही थाप लोकांनी इतकी मनावर घेतली की मुकादम घरी चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून प्यायला लागला. त्याची बायको म्हणायची, माझ्या तोंडाकडे बघवत नाही का यांना! आता हे भांडण कुणामुळे लागलं ते तिला कोण सांगणार?

खरं कारण काकांना आणि त्यांच्या लेकीलाच माहीत होतं. काकांच्या वरच्या जबड्यात स्वतःचा म्हणावा असा एकही दात नव्हता. खाली चारपाच होते, तेही कसेबसे तग धरून. वर कवळी. कवळी टाळूवर बसते, आणि टाळू झाकला की जीभ निम्मी आंधळी होते. खारट कुठलं नि महाखारट कुठलं, काही पत्ता लागत नाही. म्हणून काका पाठ करायचे, कवळी काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे, पाणी चाखायचे, थुंकायचे, कवळी परत चढवायचे आणि वळायचे. एवढ्या लपवाछपवीची तशी काही गरज नव्हती. पण काकांनी पूर्वी कधीतरी चारचौघांत छाती पुढे काढून सांगून टाकलं होतं, "बत्तीसच्या बत्तीस! मिठानं माणूस असा टिकतो!" आणि एकदा असं बोलून बसल्यावर काय करणार? बत्तीस दात निभवायलाच हवेत.

तो मुलूखच कोरडा. समुद्र कुठल्या कुठे. पाऊस वर्षातून एकदा आला तर आला, तोही पत्ता चुकल्यासारखा दोन थेंब टाकून परत जायचा. फार फार पूर्वी तिथं मोठं तळं होतं. चारी बाजूंच्या डोंगरांवरून पाणी त्यात यायचं आणि बाहेर जायला वाटच नव्हती. येताना पाणी दगडांमधले क्षार विरघळवून आणायचं. ऊन आणि वारा मिळून पाणी तेवढं उडवून न्यायचे, क्षार मागे राहायचे. असं वर्षानुवर्षं चाललं, तळं आटलं आणि उरलं एक पांढरं सपाट मैदान. जमिनीखाली मात्र दाट खारं पाणी मुरून राहिलेलं. ते पंपानं उपसायचं, उथळ वाफ्यांत सोडायचं आणि उन्हाच्या हवाली करायचं, हेच मिठागराचं काम. पंपघर काकांची लेक सांभाळायची. तिचा आवाज पंपापेक्षा एक पट्टी वरच लागायचा.

वाफ्यांचीही रांग ठरलेली. पहिल्या वाफ्यात चुना धरतो, म्हणजे पाण्यातून सुटून तळाशी बसतो. तिथलं पाणी आटत आटत थोडं दाट झालं की दुसऱ्या वाफ्यात सोडायचं, तिथं जिप्सम धरतं. तळाशी टणक कवच आणि त्यावर काचेच्या पात्यांसारखे स्फटिक. आणखी दाट झालं की तिसऱ्यात, आणि तिथं मग आपलं मीठ. शेवटी जे उरतं ते कडूजहर पाणी, ते मिठात मिसळायच्या आत बाहेर काढून द्यायचं. नवीन माणूस विचारायचा, हे सगळं एकदमच का नाही धरत? काका म्हणायचे, "हे बघ, खोलीत माणसं भरली आहेत आणि खोली रोज लहान होत चाललीय. सगळ्यांत आधी कोण बाहेर पडेल? चिडका! चुना म्हणजे चिडका. मग जिप्सम, तेही काही फार सोशिक नाही. मीठ बिचारं सांभाळून घेतं, पण किती घेणार? आणि ते कडू पाणी म्हणजे दांडगा भाडेकरू, घर पडलं तरी जागा सोडणार नाही." फळी अवेळी उघडली तर मिठात जिप्सम शिरायचं नाहीतर मीठ कडू व्हायचं. म्हणून जीभ हवी, आणि म्हणून काका हवे.

आता मिठाच्या वाफ्यांपलीकडे एक पत्र्याची शेड होती. तिथं मीठ गोण्यांत भरलं जायचं आणि गोण्यांची तोंडं शिवायच्या त्या दाभणबाई. वीतभर लांब दाभण, त्यात सुतळी, आणि बाईंचा हात असा चालायचा की गोणीला आपण कधी शिवलो गेलो ते कळायचंही नाही. शेवटचा टाका झाला की सुतळी दातांनी कटकन तोडायच्या. स्वतःच्या दातांनी, हो! बाईंचा नवरा एक नंबरचा थापाड्या होता. "दोन दिवसांत येतो" म्हणून गेला तो गेलाच, पुढे तिकडेच कुठं वारला म्हणे. तेव्हापासून बाईंना दोन गोष्टींचा तिटकारा होता, ढिला टाका आणि खोटं बोलणारा माणूस.

चवकाकांना दाभणबाई आवडायच्या. आवडायच्या म्हणजे काय, बाईंनी शेडच्या दारातून नुसतं "काय काका" म्हटलं तरी त्या दिवशी सगळ्याच वाफ्यांचं पाणी काकांना गोड लागायचं, आणि लेकीला येऊन विचारावं लागायचं की फळ्या उघडायच्या की नाही ते एकदा नीट सांगा. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. लेकीची ना नव्हती, उलट तीच मागे लागली होती. "बाबा, विचारा एकदाचं. हंगाम संपला की बाई कायमच्या बहिणीकडे निघाल्यात शहरात. मग बसा मीठ चाखत."

"विचारीन गं."

"कधी?"

"योग्य वेळी."

"बाबा, तुमची योग्य वेळ येईपर्यंत या मैदानात परत तळं होईल!"

अडचण अशी होती की एकदा बाईंनी सहज म्हटलं होतं, "काका, या वयात तुमचे दात कसे हो इतके छान?" आणि काकांनी, तोंड फुटो त्यांचं, उत्तर दिलं होतं, "सगळेच्या सगळे जन्मापासूनचे!" आता थापाड्या नवऱ्याला विटलेल्या बाईला मागणी घालायची आणि तीसुद्धा कवळीतून! काका हिय्या करायचे आणि शेडपर्यंत जाऊन परत यायचे.

शेवटी एका सकाळी त्यांनी ठरवलंच. आज विचारायचं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून वाटेत जिप्समच्या वाफ्यात उतरले. तिथं तळावर स्फटिकांचा एक झुपका फुलासारखा उमललेला त्यांनी हेरून ठेवला होता. पहिल्या वाफ्याचं पाणी नुकतंच चाखून झालं होतं, मनात बाई, त्यामुळे कवळी परत चढवायचं राहूनच गेलं होतं. काका गुडघाभर पाण्यात वाकले, झुपका हलवला, डुलवला, एकदाचा उपटला. तिथून गेले मिठाच्या वाफ्यावर. वाकले, पाणी घेतलं, सवयीनं पाठ केली, चाखलं, आणि कवळीसाठी खिशात हात घातला. खिशात ओला सदरा आणि त्याखाली स्वतः काका, एवढंच होतं.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. समोर मिठाचा वाफा, त्यात आत्ताच आपण वाकलो, म्हणजे दात पडले ते इथंच! यात शंका घ्यायला जागाच कुठं होती? काकांनी तोंडावर टॉवेल गुंडाळला, धावत शेडमध्ये गेले, ते स्फटिकांचं फूल बाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि एक शब्द न बोलता पळून आले. बाई फुलाकडे बघत राहिल्या. मुकादमानं विचारलं तेव्हा काकांनी टॉवेलाआडून सांगितलं, "दाढ दुखतेय." वर एकही दात नसलेल्या माणसाची दाढ दुखायला लागली आणि सगळ्या मिठागरानं हळहळ व्यक्त केली.

त्यानंतर सुरू झाली शोधाशोध. काका मिठाच्या वाफ्यात दांताळं घेऊन स्वतः उतरले. मुकादम लोकांना सांगायचा, "बघा, दाढ एवढी ठणकतेय तरी माणूस कामाला वाकतोय." डोंगराएवढा पांढरा ढीग उपसून झाला, दात काही मिळेनात. घरी लेक पातळ पेज पुढे ठेवायची आणि म्हणायची, "शहरात जाऊन नवी करून घ्या." पण शहरात जायचं म्हणजे मिठाच्या ट्रकमधून, आणि ट्रकचा ड्रायव्हर म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. त्याला कळलं की बाईंना कळलंच. नको रे बाबा!

आणि मग काकांच्या डोक्यात ती भयंकर शंका आली. दात मिठाबरोबर गोणीत गेले तर? कुणाच्या तरी घरी, कुणीतरी जेवायला बसलंय, मिठाच्या बरणीत हात घालतंय, आणि... दुसऱ्या दिवसापासून ते शेडमध्ये बाईंच्या शेजारी ठाण मांडून बसायला लागले. गोणी भरली की तिच्यात डोकावून बघायचे, हात घालून चाचपायचे, मगच बाईंच्या पुढे सरकवायचे.

बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय हो काका, आज इकडे कसे?" काकांनी टॉवेलाकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, "असू दे, बोलू नका. बसा." आणि त्या स्वतः बोलायला लागल्या.

आता सांगायची गोष्ट अशी, की चवकाका आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसले होते. एरवी त्यांच्यासमोर दुसऱ्याला तोंड उघडायला मिळेल तर शपथ! बाईंनी गोणीमागून गोणी शिवली आणि सांगितलं, लहानपणी त्या आणि बहीण एकाच चपलेच्या जोडावर कशा शाळेत जायच्या, एकीनं उजवी घालायची नि एकीनं डावी. नवरा गेल्यावर त्या रोज दारात जेवणाचं ताट झाकून कशा ठेवायच्या आणि एक दिवस ते ताट स्वतःच कसं जेवून टाकलं. काका टॉवेलाआडून "हं" म्हणायचे. बाई दाढेसाठी रोज लवंगा आणून द्यायच्या, काका त्या मुकाट्यानं खिशात टाकायचे. एकदा बाई म्हणाल्या, "काका, राग मानू नका, पण तुम्ही बोलत नाही तेव्हा फार बरे वाटता." काकांना आभाळ ठेंगणं झालं. मग आठवलं की हे सगळं एका खोट्या दाढेवर उभं आहे, आणि त्यांना पेजसुद्धा जाईना.

असा हंगाम सरत आला. शेवटचं मीठ उचललं गेलं आणि जिप्समच्या वाफ्याचा तळ खणून काढायला माणसं लागली. दर हंगामाच्या शेवटी ते कवच फोडावंच लागतं. दुपारी मुकादम धापा टाकत शेडमध्ये आला, त्याच्यामागे सगळे. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"काका! बघा काय सापडलं!"

फडकं उघडलं तर आत जबडा. हो हो, जबडाच! अर्धगोल, आणि त्यावर एकाला एक लागून लखलखीत पारदर्शक सुळे. काही बोटाएवढे, काही तिरके, काही एकमेकांतून घुसलेले. बायकांनी तोंडावर हात घेतला. ड्रायव्हर म्हणाला, "आयला, मगर!"

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. बाईंनीसुद्धा दाभण थांबवलं. काकांनी जबडा हातात घेतला, उलटसुलट केला. किती दिवसांनी कुणीतरी त्यांचं मत विचारत होतं! एखादा शहाणा असता तर म्हणाला असता, बुवा मला माहीत नाही. काकांनी टॉवेल जरासा सैल केला, तोंड फार न उघडता बोलायला लागले.

"मगर नाही. मगरीच्या आधीचं जनावर. आधी मला सांगा, सापडलं कुठल्या वाफ्यात?"

"जिप्समच्या."

"बघा! हे जिप्समच आहे. म्हणजे हा जबडा जिप्सम धरलं तेव्हाचा. ते जुनं तळं आटत होतं तेव्हाचा, लाखो वर्षांपूर्वीचा. दात बघा, मांसाहारी. हा इथं पाणी प्यायला आला. पाणी खारट. प्याला, तहान वाढली. आणखी प्याला, आणखी वाढली. अशी पिऊन पिऊन त्याची अख्खी जमात संपली."

"पण काका," मुकादम डोकं खाजवत म्हणाला, "गेल्या हंगामात तर आपण तळ पार खरवडला होता. तेव्हा नव्हता."

"खालून वर आला. कोरड्या जमिनीत पाणी खालून वर चढतं की नाही? वर येतं, उडून जातं, आणलेलं ओझं वर टाकून जातं. तसा हा पण आला."

लोकांनी माना डोलावल्या. मुकादमानं लगेच ठरवलं, उद्याच ट्रकमधून शहराच्या म्युझियमला पाठवायचा. काचेची बरणी आणली, खाली कापूस घातला. बाईही उद्याच त्याच ट्रकनं कायमच्या निघाल्या होत्या, तेव्हा बरणी मांडीवर नीट धरून नेण्याची जबाबदारी बाईंवर आली. काकांची मान ताठ झाली. तेवढ्यात लेक पेजेचा डबा घेऊन आली, बरणीत डोकावली, काकांकडे बघितलं, परत बरणीत डोकावली, आणि तिच्या त्या पट्टीतल्या आवाजालाही कधी नव्हे तो आवर बसला.

घरी आल्यावर तिनं दार लावलं.

"बाबा, त्या जनावराच्या हिरड्या प्लॅस्टिकच्या होत्या का?"

"म्हणजे?"

"मागच्या कडेला स्फटिक धरलेले नाहीत. तिथं गुलाबी दिसतंय. ती तुमची कवळी आहे!"

"वेडी आहेस का?" काका उसळले. "माझी कवळी पडली मिठाच्या वाफ्यात! तिच्यावर धरलं असतं तर मीठ धरलं असतं. जिप्सम मिठाच्या वाफ्यात धरत नाही, ते आधीच धरून मोकळं होतं. हे तुला मी शिकवायचं? पंपावर असतेस ना तू?"

"त्या दिवशी बाईंना फूल नेलंत ते कुठल्या वाफ्यातलं होतं?"

"ते जिप्सम..." काका म्हणाले, आणि त्यांची दातखिळी बसायला दातच नव्हते म्हणून, नाहीतर तीही बसली असती.

काका मटकन खाटेवर बसले. एवढं मोठं मिठागर, एवढे वाफे, कुठल्या पाण्यात काय धरतं ते झोपेतसुद्धा सांगणारा हा माणूस, आणि स्वतःचेच दात हातात घेऊन त्यांना लाखो वर्षांचं करून आला! लेक आधी हसली, पोट धरधरून हसली. मग शेजारी बसली. "मीठ असतं तर धुऊन तरी निघालं असतं," ती म्हणाली. "हे पाण्याला दाद देणार नाही. जाऊ द्या म्युझियमला. कुणाला कळतंय?"

"आणि बाई?"

"त्याही जातीलच. तुम्ही विचारत नाही म्हटल्यावर."

काका म्हणाले, "विचारायचं तर खरं सांगावं लागेल. खरं सांगितलं तर ती कशाला हो म्हणेल?"

सकाळी ट्रक शेडसमोर उभा होता. गोण्या चढल्या, बाईंची पत्र्याची पेटी चढली, बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर बरणी. सगळं मिठागर निरोपाला जमलेलं. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. काका गर्दीच्या मागे उभे होते. ट्रक हलला मात्र, आणि काय झालं कोण जाणे, काका माणसांना ढकलत पुढे गेले आणि दोन्ही हात पसरून ट्रकसमोर उभे राहिले.

"थांबा! थांबवा गाडी!"

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "काय काका, दाढ उपटायला येताय?"

काकांनी टॉवेल सोडला. वरचा ओठ आत गेलेला, शब्द ओले होऊन बाहेर पडत होते, पण कळत होते सगळे. "तो जबडा माझा आहे."

"तुमचाच की," मुकादम समजुतीनं म्हणाला, "तुम्हीच तर ओळखलात. तुमचं नाव लावायला सांगू आपण म्युझियमला."

"नाव नको! दात माझे आहेत. माझ्या तोंडातले! कवळी आहे ती, कवळी!" आणि काकांनी आ वासला.

मुकादमानं वाकून आत बघितलं. "अरे देवा. खरंच की. वर शुकशुकाट आहे."

मग जो हशा उसळला! ड्रायव्हर तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला आणि हॉर्न वाजतच राहिला. मुकादमाला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. "म्हणजे पाठ करायचात ती... आणि मी चहा... आणि बायको..."

बाई हसत नव्हत्या. "आणि दाढ?" त्यांनी विचारलं.

"नव्हती."

"माझ्या लवंगा?"

"घरी बरणी भरलीय," लेक मागून म्हणाली.

"आणि ते जनावर? ती तहान?"

"मनानं सांगितलं सगळं," काका म्हणाले. कान लालेलाल झाले होते.

मग बाईंनी हळूच विचारलं, "आणि शेडमध्ये रोज येऊन बसायचात ते?"

इथं काकांना खोटं बोलता आलं असतं. तुमच्यासाठी यायचो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, कुणाला संशयही आला नसता. काका म्हणाले, "गोण्यांत बघायला. दात एखाद्या गोणीत गेलेत का ते."

बाईंचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे मी माझ्या जन्माचं सगळं सांगत होते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही गोणीत बघत होतात."

"पहिले आठ दिवस," काका म्हणाले. "मग गोणीत बघायचं विसरूनच गेलो."

बाईंनी मान फिरवली. असल्या गोड वाक्यावर त्यांनी एकदा संसार मांडून बघितला होता. मग परत वळून म्हणाल्या, "असं? मग सांगा, काल शेवटच्या गोणीच्या वेळी मी काय सांगत होते?"

"बहिणीच्या घराचं," काका लगेच म्हणाले. "जिना अंधारा आहे. तुमची खाट तिनं स्वयंपाकघरात टाकलीय. सगळ्यांची जेवणं होऊन भांडी निघेपर्यंत तुम्हाला आडवं होता येणार नाही. पण बहीण मनानं चांगली आहे, असं म्हणालात, आणि थांबलात. आणि एकाच जागी दोनदा टाका घातलात. तुम्ही कधी ढिला टाका घालत नाही बाई, पण दुहेरीही घालत नाही. तुम्हाला जायचं नाहीये तिकडे."

ड्रायव्हरनं नीट ऐकू यावं म्हणून इंजिन बंद केलं.

"हंगामभर विचारायचं होतं," काका म्हणाले. "आधी दात होते तेव्हा खोटं पडायची भीती वाटली. मग दातच नव्हते. आता दोन्ही नाही. माझ्या घरी याल का? लग्न करून. लेकीला विचारलंय."

"तिला आधी विचारलंत?"

"मीच त्यांना विचारलं, बाई," लेक म्हणाली. "तेही रोज."

बाईंनी मांडीवरच्या बरणीकडे बघितलं. आतले सुळे उन्हात चमकत होते. मग त्यांनी दार उघडलं, बरणी काखेत मारली आणि कुणाचा हात न धरता खाली उतरल्या.

"पेटी उतरव रे माझी," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "आणि त्या म्युझियमवाल्यांना सांग, ते जनावर अजून जिवंत आहे."